अस्वलाची तयारी केली, गाठ पडली चिखलाशी

बारावीच्या भूगोलाच्या तासाला एका मुलानं विचारलं, "मॅडम, जमीन कायम गोठलेली असेल तर तिच्यावर रस्ता कसा बांधतात?" मला उत्तर आलं नाही. सतरा वर्षं मी टुंड्रा शिकवतेय, पण हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नव्हता. त्या रात्री शोधत बसले आणि कॅनडाच्या पार वायव्येकडचा डेम्पस्टर हायवे पहिल्यांदा नकाशावर पाहिला. युकॉनमधल्या डॉसन सिटीच्या पूर्वेला साधारण ४० किलोमीटरवर तो सुरू होतो आणि सुमारे ७३६ किलोमीटर जाऊन, आर्क्टिक वृत्त ओलांडून, इनुविकला पोचतो. जवळजवळ सगळा रस्ता खडीचा. वरची उष्णता खालच्या बर्फापर्यंत पोचू नये म्हणून रस्त्याखाली एक-दोन मीटर जाडीचा खडीचा थर घातला आहे. दुसऱ्या दिवशी मुलाला उत्तर देऊन टाकलं. रस्ता मात्र माझ्या डोक्यातून जाईना.

मी साताऱ्याची, वय ४४. दहा वर्षांपासून सायकल चालवते. मनाली ते लेह एका गटाबरोबर केलं होतं, पण एकटीनं मोठा प्रवास कधी केला नव्हता. या रस्त्यावर जायचं ठरवलं तेव्हा मराठीत लिहिलेलं काही हाती लागलं नाही, म्हणून हे सगळं तारखांसकट लिहून ठेवते आहे.

पहिला टप्पा घरचा नव्हता, कॉलेजचा होता. अनुदानित संस्थेत नोकरी असल्यानं परदेशी जायला परवानगी लागते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्राचार्यांकडे अर्ज दिला. उन्हाळी सुट्टी जूनच्या मध्याला संपते आणि मला जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत वेळ हवा होता, म्हणून वरच्या दिवसांसाठी असाधारण रजा मागितली, म्हणजे बिनपगारी. प्राचार्यांची शिफारस, संस्थेच्या बैठकीतला ठराव आणि मग ना हरकत प्रमाणपत्र या सगळ्याला सात आठवडे लागले. इथं एक गोष्ट सांगते. हे प्रमाणपत्र इंग्रजीतही मागून घ्या. त्यात पद, नोकरीची वर्षं, पगार आणि रुजू होण्याची तारीख स्पष्ट लिहून घ्या. पुढे व्हिसाच्या वेळी माझ्या फाइलमधला हाच सगळ्यात कामाचा कागद ठरला असं मला वाटतं. आणि रजा मागताना हिशेबापेक्षा चार दिवस जास्त मागा. ते चार दिवस मला अक्षरशः चिखलात खर्चावे लागले.

६ जानेवारीला कॅनडाच्या पर्यटक व्हिसाचा अर्ज ऑनलाइन भरला. मुख्य फॉर्म आयएमएम ५२५७, शिवाय कुटुंबाच्या माहितीचा वेगळा फॉर्म. फी १०० कॅनेडियन डॉलर आणि बोटांचे ठसे व फोटो यांचे ८५. सहा महिन्यांचं बँकेचं विवरण, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, घराची कागदपत्रं, नवऱ्याचं संमतीचं पत्र असं सगळं जोडलं. पत्र मागितलेलं नव्हतं, तरी दिलं. अडचण मुक्कामाच्या रकान्यात आली. ३५ दिवसांपैकी हॉटेलचं आरक्षण फक्त पाच रात्रींचं होतं. उरलेल्या रात्री तंबूत, त्यातल्या कित्येक तर कुठलं गाव नसलेल्या जागी. काही ओळखीच्यांनी सुचवलं की सगळ्या रात्रींची खोटी आरक्षणं करून टाक आणि मग रद्द कर. मी तसं केलं नाही. दोन पानी पत्र लिहिलं: रोज किती किलोमीटर, कुठे मुक्काम, कुठे पाणी, परतीचं विमान कुठून, आधी केलेल्या प्रवासांचे फोटो. जे खरं होतं तेच लिहिलं. १७ जानेवारीला ठसे दिले आणि मग वाट पाहणं सुरू झालं. संकेतस्थळावर रोज सकाळी तीच एक ओळ दिसायची. ११ मार्चला पासपोर्ट पाठवायला सांगणारा संदेश आला, तेव्हा मी वर्गात होते. फळ्याकडे तोंड करून दोन मिनिटं तशीच उभी राहिले. २२ मार्चला व्हिसा चिकटवलेला पासपोर्ट हातात आला. विमानाचं तिकीट मी त्यानंतरच काढलं. मुंबई ते व्हाइटहॉर्स आणि परत, १,४८,००० रुपये. आधी काढलं असतं तर स्वस्त पडलं असतं, पण व्हिसा नाकारला गेला असता तर ते पैसे बुडण्याची भीती होती.

या दिवसांत भेटेल तो एकच प्रश्न विचारत होता. आईनं तर रोज विचारलं. "अगं, अस्वलं असतात ना तिथं? आणि तू एकटी?"

"असतात गं आई. पण ती आपल्या वाटेला सहसा जात नाहीत."

"तुझ्या वाटेला जात नाहीत, पण तू त्यांच्याच वाटेवर चाललीयेस ना!"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी अभ्यास केला. करड्या आणि काळ्या अस्वलातला फरक, वारा कुठून वाहतोय ते पाहून अस्वलाला पळवणारा तिखटाचा फवारा कसा मारायचा, स्वयंपाक तंबूपासून शंभर पावलं दूर का करायचा, सगळं पाठ केलं. पावसाबद्दल मला कोणी विचारलं नाही आणि मीही विचार केला नाही. साताऱ्यात राहणाऱ्या माणसाला पावसाचं काय, असंच वाटलं होतं. जानेवारी ते मे दर रविवारी पॅनिअरमध्ये, म्हणजे सायकलच्या कॅरिअरला अडकवायच्या पिशव्यांत, तांदूळ भरून यवतेश्वरचा घाट चढून कासला जात होते. सराव उत्तम झाला, पण सगळा कोरड्या डांबरावर.

सायकल स्टीलची, दोन इंची टायरची. ती पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवायला पहिल्या वेळी पाच तास लागले. डावं पॅडल उलट्या दिशेनं सुटतं, हे ध्यानात ठेवा. कॅनडात परकी माती नेता येत नाही, म्हणून टायरच्या खाचा जुन्या टूथब्रशनं घासून काढल्या. खाण्याचं जे जवळ होतं, म्हणजे मेतकूट, भाजलेला रवा, दाण्याची चटणी, ते सगळं कागदावर जाहीर केलं. अधिकाऱ्यानं पिशवी उघडून वास घेतला, हे काय म्हणून विचारलं आणि जाऊ दिलं. लपवलं असतं तर दंड होऊ शकतो.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. अशा रस्त्यावर उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र जवळ असायलाच हवं, कारण मोबाइलला शेकडो किलोमीटर रेंज नसते. पण हे यंत्र भारतात परवानगीशिवाय बाळगणं बेकायदेशीर आहे. विमानतळावर त्यावरून अटकही झालेली आहे. म्हणून ते भारतातून नेऊ नका आणि तिकडे विकत घेऊन परतही आणू नका. मी व्हाइटहॉर्सला भाड्यानं घेतलं आणि परतीच्या वेळी तिथंच दिलं. अस्वलाचा फवारा आणि स्टोव्हचा गॅस विमानात चालत नाही, तेही तिथंच घ्यायचे. फवारा मला पन्नास डॉलरच्या आसपास पडला. प्रवासविम्यात सायकलप्रवास आणि दुर्गम भागातून उचलून आणण्याचा खर्च धरला आहे का, हे मी ईमेलवर लेखी विचारून घेतलं.

८ जूनला मुंबईहून निघाले आणि ११ जूनला व्हाइटहॉर्सहून सायकलवर बसले. डॉसनपर्यंतचे ५३३ किलोमीटर क्लोंडाइक हायवेचे. रस्ता जवळजवळ सगळा डांबरी, मध्ये कारमॅक्स आणि पेली क्रॉसिंग ही लहान गावं, दोन्हीकडे स्प्रूसची झाडं. सात दिवस लागले. तिसऱ्या दिवशी पहिलं अस्वल दिसलं. काळं होतं आणि रस्त्याच्या कडेला उगवलेली पिवळी फुलं ओरबाडून खात होतं. जूनमध्ये कडेचं गवत कोवळं असतं, म्हणून ती तिथं येतात. मी थांबले, घंटी वाजवली, मोठ्यानं बोलले. त्यानं मान वर करून पाहिलं आणि झाडीत निघून गेलं. झुडपांच्या वळणावर आवाज करत जावं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. इंग्रजीत काय ओरडायचं ते मला सुचायचं नाही. मी आपली गावाकडे कुणाच्या अंगणात शिरताना म्हणतो तसं म्हणत गेले, "आहे का कोणी? येते हं मी!" पुढचा महिनाभर प्रत्येक आंधळ्या वळणावर हेच म्हणाले. त्यानं अस्वलांना काय कळलं ते ठाऊक नाही, पण माझा श्वास जागेवर राहायचा.

डॉसनमध्ये दोन दिवस थांबले. १८९६ च्या ऑगस्टमध्ये इथल्या ओढ्यात सोनं सापडलं आणि दोन वर्षांत हजारो माणसं या गावावर येऊन आदळली. आजही तिथं लाकडी फळ्यांचे पदपथ आहेत. युकॉनच्या शेजारच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज या प्रदेशाचं माहिती केंद्रही डॉसनमध्येच आहे. डेम्पस्टरवर जाणाऱ्यानं तिथं जायलाच हवं. रस्ता कुठे खराब आहे, वाटेतल्या दोन नद्यांवरच्या फेरीबोटी सुरू आहेत का, हे तिथं नीट सांगतात. इथं मी सहा दिवसांचं खाणं एका खोक्यात भरलं. रस्त्यावर ३६९ किलोमीटरवर ईगल प्लेन्स नावाचं एकमेव हॉटेल आहे, तिथं फोन करून खोकं ठेवून घ्याल का म्हणून विचारलं. ते हो म्हणाले. कॅम्पग्राउंडवर शेजारी उतरलेलं एक वयस्कर जोडपं आपल्या गाडीनं तिकडेच निघालं होतं, त्यांनी खोकं नेलं. नाहीतर बारा दिवसांचं अन्न चढावर ओढावं लागलं असतं.

२० जूनला डॉसनहून उलटं चाळीस किलोमीटर येऊन डेम्पस्टरच्या तोंडाशी मुक्काम केला. पुढचं पेट्रोल ३६९ किलोमीटरवर, अशी पाटी तिथं आहे. ती वाचल्यावर पोटात गोळा आला. मला पेट्रोल नको होतं, पण पेट्रोल नाही म्हणजे दुकान नाही, दवाखाना नाही, नळ नाही. रात्री झोप लागली नाही. तसा अंधारही झाला नाही.

२१ जूनला, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, ७१ किलोमीटरवरच्या टूमस्टोन पार्कला पोचले. तिथं कॅम्पग्राउंड आहे, चहा देणारं माहिती केंद्र आहे, अन्न ठेवायला अस्वलाला उघडता न येणाऱ्या लोखंडी पेट्या आहेत. फी पाकिटात घालून पेटीत टाकायची, म्हणून सुटे डॉलर जवळ ठेवा. दुसऱ्या दिवशी नॉर्थ फोर्क पास ही खिंड चढले. झाडं मागे राहिली आणि एका वळणानंतर समोर नुसता टुंड्रा पसरलेला. सतरा वर्षं फळ्यावर मी तो हिरव्या-करड्या पट्ट्यानं रंगवला होता. तो पायाखाली स्पंजासारखा दबतो, हे मी कधी शिकवलं नव्हतं. सायकल आडवी टाकून अर्धा तास शेवाळावर हात फिरवत बसले. डासांनी उठवलं. डासांसाठी डोक्यावरची जाळी हवीच. नैसर्गिक विधीला बसताना काय करायचं हे कुणी लिहीत नाही, म्हणून लिहिते. वाऱ्याची उघडी जागा निवडा आणि आधी कमरेखाली डासांचं मलम लावा. त्याच आठवड्यात मला पाळीही आली. वापरलेले पॅड दुहेरी बंद पिशवीत घालून अन्नाबरोबर अस्वलरोधक डब्यात ठेवायचे आणि पुढच्या कचरापेटीपर्यंत न्यायचे. पुरायचे नाहीत. टूथपेस्ट, साबण, मलम, दाण्याची लसणाची चटणी, वासाचं सगळं त्याच डब्यात.

१९४ किलोमीटरवर एंजिनिअर क्रीक. या ओढ्याचं पाणी खनिजांमुळे गंजासारखं तांबडं आहे, पिऊ नका. पुढे ओगिल्व्ही नदी रस्त्याच्या कडेनं चालते आणि मग रस्ता नदी सोडून डोंगराच्या माथ्यावर चढतो. तिथून ईगल प्लेन्सपर्यंत शंभराहून जास्त किलोमीटर रस्ता माथ्यावरूनच जातो. ओढा नाही, झरा नाही. या भागावर हिमयुगातही हिमनद्या पसरल्या नव्हत्या, म्हणून डोंगर गोल गुळगुळीत आहेत. शेवटच्या नदीकाठी मी आठ लिटर पाणी भरलं. २४ जूनला संध्याकाळी चढावर, २५२ किलोमीटरच्या आसपास तंबू ठोकला. रात्री तंबूवर थेंब वाजायला लागले. मला तो आवाज घरचा वाटला आणि मी शांत झोपले.

सकाळी सायकल दोनशे मीटरही चालली नाही.

धूळ बसावी म्हणून या रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड घालतात. ऊन असेल तर रस्ता सिमेंटसारखा घट्ट राहतो. पाऊस पडला की वरचा थर लगद्यासारखा होतो. हा आपल्याकडचा चिखल नव्हे. आपला चिखल घसरवतो, हा चिकटतो. टायरवर एक थर बसतो, त्यावर दुसरा, मग मडगार्डच्या आत गच्च भरतो आणि चाक फिरायचंच थांबतं. मी काटकीनं काढला, बोटांनी काढला, शेवटी स्वयंपाकाचं लाकडी उलथनं घेतलं. साफ करून पन्नास पावलं ढकलायची की पुन्हा गच्च. गिअर बदलणारा डिरेलर दिसेनासा झाला. दोन्ही मडगार्ड काढून मागे बांधले, तेव्हा जरा सुटका झाली. ते डॉसनमध्येच काढायला हवे होते. २५ जूनला सहा तासांत सात किलोमीटर झाले, २५९ किलोमीटरवरच्या सज्ज्यासारख्या जागेपर्यंत. तिथून ओगिल्व्हीचं सगळं खोरं दिसतं म्हणतात. मला पांढऱ्या ढगाशिवाय काही दिसलं नाही. तंबू लावून आत शिरले आणि रडले. भीतीनं नव्हे, दमल्यानं. हातांच्या चिरांत चिखल जाऊन आग होत होती.

२६ ला दिवसभर पाऊस. तंबूतून निघालेच नाही. पावसानं रस्ता घेतला तसं पाणी दिलं. तंबूच्या कडेला भांडं लावून तीन लिटर गोळा केलं. तापमान चारेक अंश असावं. घरी रोजचा ठरलेला संदेश पाठवला, "ठीक आहे. मुक्काम इथेच." नवऱ्याचं उत्तर आलं, "आई विचारतात, अस्वल दिसलं का?" त्या दोन दिवसांत मला अस्वल आठवलंही नव्हतं.

२७ ला ऊन पडलं. दुपारपर्यंत वरचा थर वाळला आणि रात्री अकरापर्यंत ४२ किलोमीटर झाले. उजेड असल्यानं वेळेचं बंधन नव्हतं. पण आता पाणी संपत आलं. रस्ता दुरुस्तीच्या ट्रकवाल्यानं आपणहून थांबून चार लिटरचा कॅन दिला. २८ ला सकाळी पुन्हा पाऊस. दहा किलोमीटर ढकलत गेल्यावर पुढचं चाक अडकून मी गुडघ्यावर पडले. मागून एक पिकअप आली. चालवणारी बाई पुढच्या फोर्ट मॅकफर्सन गावची होती, तिथल्या ग्विचिन या आदिवासी समाजाची. तिनं काच खाली केली आणि एवढंच विचारलं, "सायकल मागे टाकू का?"

दोन दिवसांत याआधी तिघांनी विचारलं होतं आणि मी तिघांना नको म्हटलं होतं. एकटीनं, सगळं अंतर, स्वतःच्या पायांनी, असं मी घरी सांगून निघाले होते. या वेळी मी हो म्हटलं. गाडीत हीटर होता. तिनं थर्मासमधला चहा दिला आणि काही विचारलं नाही. ईगल प्लेन्सपर्यंतचे ५८ किलोमीटर मी पिकअपमधून गेले. ते मी सायकलवर केलेले नाहीत, हे इथं लिहायला हवं.

ईगल प्लेन्सला खोकं वाट पाहत होतं. खोलीला दोनशे डॉलरहून जास्त पडले, पण त्या रात्री मी ते दुप्पटही दिले असते. २९ ला पूर्ण दिवस सायकल धुण्यात गेला. वाळलेला चिखल छिन्नीनं काढावा तसा स्क्रूड्रायव्हरनं काढला. चेन सोडवून धुतली, ब्रेक पॅड घासून पत्र्यापर्यंत आले होते ते बदलले. ब्रेक पॅडचे दोन जास्तीचे जोड जवळ ठेवाच.

३० जूनला आर्क्टिक वृत्त, ४०५ व्या किलोमीटरला. पाटीजवळ फोटो काढला आणि लगेच निघाले, कारण वारा सुटला होता. तो दुसऱ्या दिवशी राइट पासवर इतका वाढला की उतारावरही सायकल ढकलावी लागली. ४६५ किलोमीटरवर युकॉन संपून नॉर्थवेस्ट टेरिटरीज सुरू होतं. तिथं दोन गोष्टी बदलतात. किलोमीटरचे दगड पुन्हा शून्यापासून सुरू होतात आणि घड्याळ एक तास पुढे जातं. माझा मुक्कामाचा हिशेब यामुळे अर्धा दिवस चुकला. पील नदीची फेरी २ जुलैला ओलांडली. मॅकेंझीवरची दुसरी ४ जुलैला, त्सिगेहचिकजवळ. दोन्ही फुकट आहेत. काठावर जाऊन उभं राहिलं की पलीकडून बोट येते.

मधला एक दिवस फोर्ट मॅकफर्सनचा. तिथल्या चर्चच्या आवारात चार पोलिसांच्या कबरी आहेत. १९१० च्या डिसेंबरमध्ये हे चौघं कुत्र्यांच्या गाड्यांवर टपाल घेऊन डॉसनला निघाले. वाटेत भेटलेला एक ग्विचिन वाटाड्या त्यांनी थोडे दिवस बरोबर घेतला आणि मग आता रस्ता सापडेल म्हणून परत पाठवला. रस्ता सापडला नाही. परत फिरले तेव्हा अन्न संपलं होतं, कुत्री मारून खाल्ली, आणि मॅकफर्सनच्या अलीकडे चौघंही गेले. मार्च १९११ मध्ये त्यांचा शोध लावणाऱ्या पोलिसाचं नाव डेम्पस्टर. रस्त्याला त्याचंच नाव आहे. मी तिथं बराच वेळ बसले होते. पिकअपमधल्या ५८ किलोमीटरचं मनात जे टोचत होतं, ते त्यानंतर टोचलं नाही.

६ जुलैला इनुविक. शेवटचे काही किलोमीटर डांबर लागतं, तेव्हा चाकांचा आवाज बंद झाल्यासारखा वाटला आणि मी दचकून मागे पाहिलं. घुमटाच्या आकाराचं पांढरं चर्च, भाजीच्या दुकानातल्या किमती (एका साध्या ढोबळ्या मिरचीकडे मी बराच वेळ पाहत होते), लाँड्री, आईला व्हिडिओ कॉल. ती माझ्या चेहऱ्यावरचे डासांचे चावे मोजत राहिली.

मला पुढे समुद्रापर्यंत जायचं होतं. इनुविकहून आर्क्टिक महासागराच्या काठच्या टुक्टोयाक्टुक गावाचा रस्ता २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाला, साधारण १३८ किलोमीटर. त्याआधी उन्हाळ्यात तिथं विमानानं किंवा बोटीनंच जाता यायचं. मला तीन दिवस लागले. झाडं संपतात, तळी वाढत जातात आणि गावाजवळ पिंगो दिसायला लागतात. आत बर्फाचा गाभा असलेल्या या टेकड्या. त्या भागात अशा १,३०० हून जास्त आहेत आणि सगळ्यात मोठी, इब्युक, ४९ मीटर उंच. पुस्तकात तिचा आडवा छेद दिलेला असतो. मी तिच्याकडे पाहत चालवत होते, म्हणून एक खड्डा दिसला नाही आणि मागच्या रॅकचा बोल्ट तुटला. जास्तीचा बोल्ट होता. १० जुलैला संध्याकाळी सातला आर्क्टिक महासागराच्या काठी पोचले. पाणी इतकं थंड की घोट्यापर्यंत अर्धा मिनिटही पाय ठेववेना. सूर्य मावळणार नव्हताच, त्यामुळे घाई नव्हती. काठावर वाहून आलेल्या ओंडक्यावर बसून उरलेलं मेतकूट भाताबरोबर खाल्लं.

परत इनुविकपर्यंत एका स्थानिक व्हॅनमधून, तिथून १३ जुलैला विमानानं व्हाइटहॉर्स. सायकलचं खोकं इनुविकला मिळेल का याची काळजी होती. तिथल्या दुकानानं फर्निचरचं एक रिकामं खोकं दिलं. सगळा खर्च, तिकिटं, व्हिसा, विमा, भाड्याचं यंत्र, खाणं, नवीन तंबू धरून ४,३२,००० रुपये झाला. त्यातले जवळपास साठ हजार असे होते की पुन्हा गेले तर वाचतील. हॉटेलच्या रात्री, घाईत घेतलेल्या वस्तू, जास्तीचे कपडे. पुन्हा गेले तर मडगार्ड घरी ठेवीन, पाणी दहा लिटरचं धरीन, उलथनं मात्र नेईन. आणि पावसाचे म्हणून चार दिवस वेगळे काढून ठेवीन.

२१ जुलैला कॉलेजवर रुजू झाले. त्या आठवड्यात सायकल नेहमीच्या काकांकडे टाकली. त्यांनी बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पॅडलच्या दांड्याची बेअरिंग, उघडला आणि हाक मारली.

"मॅडम, इकडं या जरा. ह्यात सिमेंट कुणी भरलं?"

आत करड्या रंगाचा, दगडासारखा कडक झालेला गोळा होता. ते हातोडीनं फोडणार होते. मी म्हटलं, "काका, फोडा, पण टाकू नका. मला द्या." बारावीचा तो धडा ऑगस्टमध्ये येतो. तुकडे एका काचेच्या बाटलीत भरलेत आणि वर चिठ्ठी चिकटवली आहे: डेम्पस्टर, कि.मी. २५९.